दीडची कॉइल, अडीचची कॉइल: घरातल्या वायरचं उघडून केलेलं परीक्षण

नाशिकमध्ये रविवार कारंजावर किंवा शालिमारला इलेक्ट्रिकलच्या दुकानात ‘दीडची एक लाल, एक काळी’ म्हटलं, की काउंटरवर ९० मीटरची दोन वेटोळी येतात आणि लगेच प्रश्न येतो, ‘कुठली देऊ?’ म्हणजे कंपनी कुठली. हा प्रश्न खरं तर तिसऱ्या नंबरचा. आधी ग्रेड (आगीत आवरण कसं वागतं त्याचा दर्जा) ठरवायची, मग साइज, मग कंपनी. फिनोलेक्स, पॉलिकॅब, हॅवेल्स, केईआय, आरआर काबेल यांच्या एकाच ग्रेडच्या, एकाच साइजच्या अस्सल कॉइली शेजारी ठेवल्या, तर घरमालकाला कधी जाणवेल असा फरक त्यांत सापडत नाही. सोलताना कुणाचं आवरण किंचित कडक लागतं, कुणाची वायर पाइपात जरा सहज सरकते, इतकंच. खरा फरक अस्सल आणि बनावट मालात असतो, आणि त्याहून मोठा वायरमनच्या हातात. म्हणून इथे एका कंपनीला चार तारे, दुसरीला साडेतीन असं काही नाही. परीक्षण आहे ते घरात पाइपातून जाणाऱ्या तांब्याच्या एकेरी वायरचं.

आधी नावातला घोळ. दुकानदार, वायरमन, आपण सगळेच ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ म्हणतो. तो आकडा जाडीचा नसून तांब्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाचा असतो: दीड चौरस मिलिमीटर. अडीचच्या वायरीतला तांब्याचा जुडगा मोजला तर साधारण दोन मिलिमीटरच भरतो, आणि तो बरोबरच आहे. व्हर्निअर घेऊन ‘अडीच सांगितलं, दोनच निघालं’ म्हणून भांडणारा चुकीच्या जागी भांडत असतो. जुने वायरमन अजून ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ म्हणतात. ती गेजची भाषा. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, आजच्या हिशेबात एक चौरस मिलिमीटरच्या आसपास. आजच्या दीडच्या वायरीत बहुधा ०.३ मिलिमीटरच्या २२ तारा असतात. दोन्हींत ‘बावीस’ आणि ‘तीन’ येतात, त्यामुळे यादी तोंडी सांगितली की एकाऐवजी दीड किंवा दीडऐवजी एक घरी येते. यादी कागदावर, चौरस मिलिमीटरमध्येच लिहून न्यावी.

आता मुद्द्याचं. कॉइलवर छापलेलं ‘१.५’ हे वायरचं नाव आहे, माप नव्हे. छेद मोजायला वायरचं भारतीय मानक सांगतच नाही. ते विजेचा अवरोध मोजतं. बारीक तारांच्या लवचीक वायरला २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे जास्तीत जास्त अवरोध किती चालतो ते ठरलेलं आहे: एकच्या वायरला १९.५ ओहम, दीडला १३.३, अडीचला ७.९८, चारला ४.९५, सहाला ३.३०. कंपनीने शुद्ध तांबं वापरून ही अट थोड्या कमी तांब्यात पाळली, तरी वायर कायदेशीर दीडचीच. म्हणून तारा मोजत बसण्यात अर्थ नाही. २२ च्या जागी ०.२५ मिलिमीटरच्या ३० तारा असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात.

याचा फायदा असा, की घरचा डिजिटल मल्टिमीटर घेऊनही कॉइलची बरीच झडती घेता येते. बिल झालं की काउंटरवरच दोन्ही टोकं सोला. मीटरचे दोन प्रोब आधी एकमेकांना टेकवून येणारा आकडा, समजा ०.२, लक्षात ठेवा आणि वाचनातून वजा करा. ९० मीटरच्या दीडच्या कॉइलचा अवरोध २० अंशाला १.२० ओहमच्या वर जायला नको. तांब्याचा अवरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. जानेवारीच्या सकाळी १.२० पाहावं, मे महिन्यात दुकानात ३५ अंश असेल तर १.२७ पर्यंत चालेल. अडीचच्या कॉइलला हेच आकडे ०.७२ आणि ०.७६. एकच्या कॉइलला १.७५ आणि १.८६. चारच्या पुढे साधा मीटर उपयोगाचा नाही, त्याची बारकाईच ०.१ ओहमची.

दीडच्या कॉइलवर १.५ आलं तर तांबं चोरलंय. १.८-१.९ आलं तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनिअम असण्याची दाट शक्यता. ब्लेडने एक तार खरवडा, पांढरी चकाकी दिसली की संपलं. आणि १.० आलं तर खूश होऊ नका. तांबं जास्त घातलेलं नसतं, बहुधा लांबी कमी असते. आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असले तर दोन्ही टोकांचे वाचून वजाबाकी करावी.

वजनही बोलतं. ९० मीटर दीडच्या कॉइलमध्ये जवळपास १.२ किलो तांबं आणि साधारण ६०० ते ७०० ग्रॅम आवरण, म्हणजे कॉइल पावणेदोन ते दोन किलोची. अडीचची तीन किलोच्या आसपास. दीडची कॉइल काट्यावर सव्वा किलो दाखवत असेल तर पुढे काही तपासायची गरज नाही. तांब्याचा भाव सगळ्या कंपन्यांना सारखाच पडतो, त्यामुळे तीन दुकानांत एकसारखा भाव आणि चौथ्यात तिसऱ्या हिश्श्याने स्वस्त, हे गणित तांबं काढल्याशिवाय जुळत नाही.

आयएसआय खूण सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्याखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवान्याचा नंबर, कुणी वाचत नाही. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कुठल्या मानकाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. पीव्हीसी वायरचं मानक आयएस ६९४, हॅलोजनमुक्त (आवरणात क्लोरिनसारखे घटक नसलेल्या) वायरचं आयएस १७०४८. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशापासून पीव्हीसी वायरींना ही खूण सक्तीची आहे, म्हणजे बिनखुणेची पीव्हीसी वायर विकणंच बेकायदा. खोक्यावर खूण आणि वायरवर कोरं आवरण असेल तर तो माल परत. वायरवर कंपनी, साइज, ११०० व्होल्ट, मानक आणि ग्रेड सलग छापलेली असते; बोटाने चोळून पुसली जाणारी शाई बरंच काही सांगते.

ग्रेडवर जरा थांबायला हवं, कारण इथे सर्वांत जास्त गैरसमज विकले जातात. एफआर म्हणजे आग धरायला आणि पसरवायला अडवणारी वायर. फायरप्रूफ नव्हे. एफआरएलएस म्हणजे तेच, शिवाय धूर आणि आम्लवायू कमी. झेडएचएफआर किंवा एचएफएफआर म्हणजे आवरणात हॅलोजनच नाही. काउंटरवर लायटर लावून ‘बघा, विझली!’ हा खेळ बऱ्याच दुकानांत चालतो. तो पाहून ग्रेड ठरवू नका. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि एफआरच्या आवरणाला जळत राहायला किमान २९ टक्के लागतो, म्हणून ज्योत काढली की ती विझते हे खरं. पण पीव्हीसीतल्या क्लोरिनमुळे साधं आवरणही ज्योत काढल्यावर बहुधा विझतंच. लायटरला या दोहोंतला फरक कळत नाही.

फरक धुरात आहे. जळतं पीव्हीसी हायड्रोजन क्लोराइड सोडतं; ओल्या डोळ्यांना आणि घशाला लागलं की त्याचं आम्ल होतं. वायरींच्या आगीत माणूस ज्वाळेपेक्षा आधी या धुरात दार शोधताना अडकतो. एफआरएलएसमध्ये आम्लवायू २० टक्क्यांच्या आत आणि धुराची घनता ६० टक्क्यांच्या आत ठेवायची अट असते. हॅलोजनमुक्त वायरीत आम्लवायूची हद्द अर्ध्या टक्क्यावर येते.

आमचा कौल असा. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या पाच-सात मजली इमारतीतल्या फ्लॅटला एफआरएलएस. एफआरपेक्षा थोडी महाग, पण पूर्ण घराच्या खर्चात तो फरक एखाद्या झुंबराइतकाही नसतो. जिन्यातला डक्ट, दवाखाना, क्लासची खोली, जिथून बाहेर पडायला एकच वाट आहे तिथे हॅलोजनमुक्त. ती ओढताना जपावं लागतं, कारण पाइपाच्या खरखरीत कडेला तिचं आवरण लवकर ओरखडतं. मळ्यातल्या स्वतंत्र बैठ्या घराला, जिथे दोन दारं थेट अंगणात उघडतात, चांगली एफआर पुरे. कुठलीच ग्रेड सैल जोडाला वाचवत नाही, हे मात्र तिन्हींना सारखंच लागू.

साइज ठरवताना उपकरणाआधी एमसीबीकडे, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचकडे, बघा. एमसीबी वायरसाठी असते, टीव्ही-फ्रिजसाठी नाही. पाइपातून जाणाऱ्या एका सर्किटला बहुतेक कंपन्यांचे तक्ते असा करंट देतात: दीडला १३ अँपिअर, अडीचला १८, चारला २४, सहाला ३१. आता एमसीबीचा स्वभाव पाहा. ती स्वतःच्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर न पडता सोसते आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडते. १६ ची एमसीबी म्हणजे १८ अँपिअर निवांत वाहतील. अडीचच्या वायरची ताकद नेमकी तेवढीच. म्हणून जोड्या ठरतात: दीडला १०, अडीचला १६, चारला २०, सहाला २५.

प्रत्यक्षात काय होतं? एसी लावल्यावर १६ ची पडते म्हणून कुणीतरी तिथे ३२ ची बसवून जातो आणि ‘आता पडणार नाही’ असं सांगतो. खरंच पडत नाही. ३६ अँपिअर वाहिले तरी ती तासभर गप्प बसेल, आणि वायरीत उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुप्पट करंटला चौपट. तेवढ्यात ७० अंशापर्यंतच टिकणारं पीव्हीसी मऊ पडतं, वळणावर पाइपाला दाबलं जातं आणि तांबं हळूहळू आवरणातून बाहेर येतं. सातपूर-अंबडला स्विचगिअरचे कारखाने असलेल्या शहरात ही चूक व्हायला नको, पण जुन्या डीबीचं, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीचं, दार उघडलं की ती समोर दिसते.

दिवे-पंख्यांना दीड; एकची वायर फक्त स्विचपासून दिव्यापर्यंत. स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन, प्रत्येक गिझर अडीच आणि स्वतंत्र. दीड टनाच्या एसीला चारच हवी असा बसवणाऱ्यांचा आग्रह असतो. हिशेब तसा नाही. असा एसी सात-आठ अँपिअर घेतो. २० मीटर अंतरावर अडीचच्या वायरीत व्होल्टेज जेमतेम अडीच व्होल्ट पडतं. सर्किट स्वतंत्र असेल, १६ ची एमसीबी असेल, तर अडीच चालते. चार घ्या ती पाइप पश्चिमेच्या भिंतीतून किंवा गच्चीच्या स्लॅबमधून जात असेल तेव्हा. एप्रिल-मेमध्ये तो स्लॅब रात्री दहालाही गरम असतो आणि एसी नेमका रात्रभर चालतो. दोन टनाला मात्र वाद न घालता चार. खाली पार्किंगमधल्या मीटरपासून चौथ्या मजल्याच्या डीबीपर्यंत ३५ मीटर धरले आणि ३० अँपिअर घेतले, तर सहाच्या वायरीत सुमारे ७ व्होल्ट जातात, दहाच्या वायरीत ४. शिवाय ३० अँपिअर सहाच्या वायरीच्या अगदी टोकाला येतात. मेनला दहाच घ्यावी.

तक्त्यातले आकडे एकट्या सर्किटचे असतात, हे विसरलं की पुढचा घोटाळा होतो. एकाच पाइपात तीन भरलेली सर्किटं गेली की प्रत्येकाची ताकद ०.७ ने गुणायची. अडीचची १८ वरून १२.६ वर येते. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर मागतो. म्हणजे कागदावर बरोबर असलेली वायर पाइपाच्या गर्दीत चुकीची ठरली. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीत घरातल्या खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणून ओळीने गिझर बसवायचे असतील, तर हे आधी मांडून बघा. पहाटे तीन गिझर एकदम चालू म्हणजे ३९ अँपिअर. तो प्रश्न कॉइलचा राहत नाही. महावितरणकडून मंजूर भार वाढवून थ्री-फेजच घ्यावं लागतं.

पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. तिथे अजून लाकडी बॅटनवर क्लिपा मारून नेलेली, कापडी विणीखाली रबर असलेली वायर सापडते. ते रबर वाळून भुगा झालेलं असतं. बटण बदलायला म्हणून वायर हलवली की आवरण हातात येतं. अशा वायरला नवी जोडत बसू नये, पूर्ण काढावी. आणि तिच्या जागी एकेरी एफआरएलएस त्याच बॅटनवर उघडी मारू नये. या वायरला एकच आवरण असतं, ती पाइप किंवा केसिंग-पट्टीतच राहायला हवी. सिडकोतल्या जुन्या घरांत कुठे अॅल्युमिनिअमची वायर निघाली तर तिला तांबं पीळ मारून जोडू नका. दोन धातू वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात, जोड सैल होतो, त्यात दमट हवा आली की गंजतो आणि तापतो.

वायर ओढण्याचं काम पाहायला घरमालकाने स्वतः थांबावं. कॉइल चाकासारखी फिरवत सोडायची. बाजूने वेटोळी खेचली तर पीळ पडतो आणि तो पीळ पाइपात जाऊन आवरण चिरतो. स्प्रिंग टाकून, थोडी टाल्कम पावडर लावून, एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने भरवायचं. साबणाचं पाणी नको, ते पाइपात राहतं. पाइप आयएसआयचा, मीडियम, २० मिलिमीटर. एसी आणि स्वयंपाकघराच्या ओळी एकत्र जातात तिथे २५. तोंडातून पाहिल्यावर निम्म्याहून जास्त पाइप मोकळा दिसला पाहिजे. अडकली म्हणून दोघांनी जोर लावून ओढलेली वायर त्या दिवशी चालते आणि दोन पावसाळ्यांनी त्या भिंतीचा झटका बसतो.

पीओपीच्या छतावर पाइप न घालता वायर नुसती टाकून देतात, वर काही दिसत नाही म्हणून. उंदरांना ते दिसतं.

जोड फक्त बॉक्समध्ये, पाइपात कधीच नाही. बारीक तारांची वायर एमसीबीत घालताना चार तारा कापून ‘बसवतात’, तिथेच दीडची वायर दीडची राहत नाही. पिन थिंबल (टोकावर दाबून बसवायची धातूची पिन) लावून दाबावी, नसेल तर टोक दुमडून पूर्ण भोकात घालावं आणि स्क्रू घट्ट करून वायर ओढून पाहावी. महिन्याभराने एकदा मेन बंद करून डीबीतले सगळे स्क्रू पुन्हा पाव आटा घ्या. नवं तांबं दबतं. प्लगच्या भोकांभोवती प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल तर सॉकेट बदलून भागत नाही, मागची दोन इंच वायरही तापून कडक झालेली असते, ती कापून मागे घ्यावी.

रंग पाळायला एक पैसा लागत नाही. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. थ्री-फेजला लाल, पिवळी, निळी. ‘लाल संपली’ म्हणून हिरवीतून फेज नेलेला स्विचबोर्ड पुढच्या वायरमनसाठी सापळा असतो. अर्थिंगला बारीक वायर घालून बचत करू नये: अडीचच्या सर्किटला अडीचचीच हिरवी. आणि प्रत्येक सर्किटला स्वतःचा न्यूट्रल. दोन खोल्यांना एकच काळी दिली की त्या एका वायरीत दोन्हींचा करंट जमा होतो आणि तिच्यावर कुठलीच एमसीबी नसते. पुढे त्यांतल्या एकाच सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवली की ती सारखी पडायला लागते, आणि दोष आरसीसीबीला दिला जातो. ती काढून टाकणारे वायरमन भेटतील. काढू देऊ नका, उसना घेतलेला न्यूट्रल शोधायला लावा.

खरेदीचा अंदाज: साधारण ९०० चौरस फुटांच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला दीडच्या लाल चार, काळ्या तीन, हिरव्या दोन कॉइली, अडीचच्या लाल दोन, काळी आणि हिरवी प्रत्येकी एक, कदाचित दीड कॉइल. लाल नेहमी जास्त लागते, कारण स्विचवरून दिव्याकडे परत जाणारी वायरही लालच असते. न फोडलेली कॉइल परत घेणार का, हे बिल करतानाच विचारून बिलावर लिहून घ्यावं. उरलेली वायर गच्चीवर सोलरला किंवा टाकीच्या मोटरला उघडी वापरू नका. उन्हात पीव्हीसी तडकतं आणि सोलरच्या डीसी बाजूला वेगळीच केबल लागते.

प्लास्टरच्या आधी आणि बोर्ड लागल्यावर, अशी दोनदा ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा अवरोध मोजणाऱ्या मीटरने) चाचणी करून घ्या. बल्ब काढलेले, स्विच चालू, आरसीसीबी आणि इन्व्हर्टर सुटे. फेज-न्यूट्रलमध्ये आणि दोन्ही एकत्र करून अर्थिंगशी मोजायचं. एक मेगाओहम ही किमान हद्द. कोरड्या नव्या वायरिंगला शेकड्यांत आकडा यायला हवा. पाच-दहा आला तर प्लास्टरच्या ओलाव्यावर ढकलू नका, एकेक सर्किट सोडवून कुठलं खाली ओढतंय ते पाहा. परवानाधारक ठेकेदार महावितरणसाठी जो चाचणी अहवाल देतो, त्यात हे आकडे असतात. ते खरोखर मोजलेले असावेत, एवढाच आग्रह धरायचा. मग एका कागदावर सर्किटचं नाव, वायरची साइज, एमसीबी, मेगरचं वाचन, तारीख आणि कॉइलचा सीएम/एल क्रमांक लिहून तो डीबीच्या दाराच्या आतून चिकटवा. पुढच्या वेळी कुणी १६ च्या जागी ३२ ची एमसीबी घेऊन आला, तर त्याला तो कागद वाचायला द्या.